घर फक्त दोनशे बासष्टवर

जुनवानी, भिलाई

आदरणीय जावईबापू जानरावजी यांना केवलरामचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

तुमचे गुडघे आता बरे असतील, अन् आमची बहीण सिंधू तुमाले फार बोलून राहिली नसेल, अशी आशा करतो. इकडं आम्ही खुशाल आहो. म्हणजे जिवंत आहो.

आमच्या पोरीच्या, मोनाच्या साक्षगंधाले तुम्ही आले नाही, पण आठ दिवस आधी तुमचं वापरातलं सायकलीवरचं जीपीएस यंत्र भेट म्हणून पाठवून दिलं. फार उपकार झाले. (जावयावर रागावू नये असं माय सांगून गेली, म्हणून उपकार म्हणून राहिलो.)

साक्षगंधाच्या दिवशी नवरदेवाची अंगठी सोनाराकडून आणायची राहिली होती. सोनार बाजूच्या दुर्गले, मोहन नगरात. स्कूटर घेऊन पोरगा मोनू दही आणाले गेलता, म्हणून मी सायकलनं निघालो. अंगठी भेटली, खिशात टाकली, अन् परत निघतो तं मोठ्या रस्त्यावर मिरवणूक! घरी पाहुणे येऊन बसले होते. त्यात नवरदेवाचे काका बाबुलालजी म्हणजे भलते टाइमवाले. पोरीची एक सोयरीक आधीच अशा कुरबुरीवरून मोडली होती, हीसुद्धा मोडते का काय म्हणून मले घाई सुटली. यंत्रात 'घर' असं लिहून दिसलं. दाबलं. बाण उमटला. म्हटलं, गल्लीबोळातून काढून देते बिचारं.

तुम्ही म्हणाल, केवलराम, सारी जिंदगी भिलाईत गेली, तुले रस्ता माहीत नाही कावून? अहो, मी स्टील प्लांटात आयुष्यभर मीटर पाहत आलो. आपल्याले काही वाटो, मीटर म्हणते तेच खरं. जो आपलं डोकं चालवते त्याले मेमो भेटते. बाण म्हणे डावीकडे, मी डावीकडे. मागं वळलो की ते टीं टीं करून ओरडे. खाली आकडा होता दोनशे बासष्ट. म्हटलं, दोनशे बासष्ट मीटर, आलंच की घर! (चष्मा घरी राहिलता. बारीक अक्षरं कोण वाचते?)

तेवढ्यात वंदनाचा फोन, कुठं आहा म्हणून. मी म्हटलं, आरती धर, दोनशे साठ मीटरवर आहो. ती भोळी बाई साऱ्या पाहुण्याईले घेऊन दारात उभी राहिली. मी जीव खाऊन पायडल मारून राहिलो, पण आकडा काही उतरेना. तिचा दुसरा फोन आला तेव्हा दोनशे अठ्ठावन्न. काय सांगू बायकोले? तिसऱ्या फोनवर मोना होती. "बाबा, काकाजी जूते पहन रहे हैं," एवढंच बोलली अन् रडाले लागली. मान वर करून पाहतो, तं समोर शिवनाथ नदीचा पूल, घराच्या पार उलट्या टोकाले!

पुलावर एकाले यंत्र दाखवलं. तो म्हणे, "भैया, ये तो नागपुर ले जा रहा है." ते घर तुमचं होतं, जावईबापू. अन् मीटर नव्हते, किलोमीटर होते.

भाजीच्या टेम्पोत सायकल टाकून घरी पोहोचलो, तं काकाजी फाटकापाशी. अंगठी पुढं केली. कुठून आले विचारलं, खोटं काही सुचलं नाही. म्हटलं, नागपूरच्या रस्त्यानं. सारे हसले. काकाजी हसले नाही. तुम्ही नागपूरचे, हे त्याईले ठाऊक. टेम्पोत वाकून पाहिलं अन् म्हणाले, "मंग जावई कुठं हायेत?"

अंगठी घातली गेली, देवाची कृपा.

आपला,
केवलराम

ता. क. यंत्रातलं तुमचं घर पुसून टाकाले मोनू बसलाच होता. मी पुसू दिलं नाही.

आणखी ता. क. लग्नाची तारीख काही निघाली नाही. काकाजी म्हणाले, पोरीची सख्खी आत्या अन् तिचे मालक कार्यात नाही, म्हणजे घरात भांडण आहे. ते दोघं समोर बसतील तेव्हाच तारीख. तुम्ही कावून रुसले ते सिंधूनं वंदनाले सांगितलं. आमंत्रण मी व्हॉट्सॲपवर धाडलं! जावयाले असं कोणी बोलावते काय? मोना तेव्हापासून धड जेवून नाही राहिली. रविवारी अक्षता घेऊन मी स्वतः बोलवाले येतो, रेल्वेनं. जे बोलायचं ते तोंडावर बोला, पण दार उघडजा.