घासलेटाचा घास

आई, कंदिलाची काच पुसताना तू जे बोललीस ते थट्टेनं की मनापासून, हे मला अजून कळलेलं नाही. मी मराठी शाळेत होतो, म्हणजे एकतीस-बत्तीस साल असेल. रेवस बंदराहून घासलेटचा डबा बैलगाडीनं वाडीत यायचा आणि दिव्यात घालायचं आपलं उंडीच्या बियांचं कडू तेल मागं पडत चाललं होतं. मास्तरांनी त्या दिवशी सांगितलं होतं, घासलेट म्हणजे फार जुन्या काळी समुद्रात मेलेले बारीक जीव. चिखलाखाली दबून त्यांचं तेल झालं. घरी येऊन मी ते तुला तोऱ्यात ऐकवलं. तू काच हातात धरून तशीच थांबलीस. "मेलेले? मग त्यांचं पान कोण वाढतं रे?"

सर्वपित्रीला आजी-आजोबांच्या घासाशेजारी तू केळीच्या पानावर आणखी एक घास ठेवलास. वडील चिडले. "आता घासलेटाचं श्राद्ध घालत्येस?"

"घालत्ये. त्यांच्या उजेडात जेवतो आपण. आणि नावातच घास आहे की त्याच्या!" एवढं म्हणून पदर तोंडाला लावून तू आत गेलीस. हसायला गेलीस की डोळे पुसायला? मी कान देऊन उभा होतो, पण चुलीकडून काहीच ऐकू आलं नाही.

पुढं दोनेक वर्षांत तू तापानं गेलीस. दहाव्याला समुद्रकाठी पिंड मांडलाय, कावळे माडांवर बसलेत आणि एकही खाली येत नाही. वडील हात जोडून सांगतायत, पोराला शिकवीन, दुसरं लग्न करणार नाही. आत्या म्हणते, "वहिनी, तुझे माड मी शिंपीन हो." कावळे हलत नाहीत. मग मला वाटलं, तुझा जीव कशात अडकलाय ते एकट्या मलाच ठाऊक आहे. पिंडाजवळ वाकून मी हळूच म्हणालो, "घासलेटाचा घास मी काढीन." माझी अगदी खात्री होती. कावळा आला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे उठले. मला फार रडू आलं. मग तुला हवं होतं तरी काय?

आता घरात विजेचे दिवे आहेत, गॅसची शेगडी आहे. वीज कोळशावर होते आणि कोळसा म्हणजे गाडलेली झाडं, असं नातू सांगतो. मग झाडांनाही घास काढायचा का, हे कुणाला विचारू? हे पत्र तरी कुठल्या पेटीत टाकू? शब्द दिला म्हणून दर सर्वपित्रीला मी दोन घास काढतो, एक तुझा, एक समुद्रातल्या त्या बारीक जिवांचा. हल्ली हात कापतो, पानावर दोन्ही एकमेकांत मिसळतात, आणि तुझा कोणता ते माझं मलाच सांगता येत नाही.