मधेच सरकणारं चाक

५ मे, सोमवार

आरोही आली एकदाची! समीक्षा सकाळी तिला शेलूहून घेऊन आली आणि जेवायला न थांबता परत गेली. जाताना सूनबाईंच्या सूचना — पोरीला उन्हात सोडू नका, मोबाईल देऊ नका, वेणीला रोज तेल लावा. अठरा तारखेला समीक्षाच्या धाकट्या बहिणीचं लग्न आहे. आरोही करवली. कमरेपर्यंतची वेणी, वर गजरा — सगळं ठरलेलं. मला वेगळी सूचना: "बाबा, गोड खायचं नाही हं." जसं काही मी रोज परातभर खातो!

पोरीने एक खोका आणलाय. मामाने वाढदिवसाला दिलेला. प्लास्टिकचे ठोकळे, दांडे, दात्यांची चाकं, आणि सेलवर चालणारी मोटार. खरी मोटार! चौतीस वर्षं मी खोपोलीला कागद गिरणीत फिटर होतो. असला खोका मला दहाव्या वर्षी मिळाला असता तर — जाऊ दे.

६ मे, मंगळवार

क्रेन बांधली. आरोही पुस्तकातली चित्रं बघून सांगते, मी जोडतो. म्हणजे ती जोडते आणि मी खाली पडलेले तुकडे शोधतो.

एक चाक विचित्र आहे. बाहेरचे दाते पांढरे, मधला गाभा करडा. दांडा घट्ट धरला आणि दाते जोराने फिरवले की गाभा जागच्या जागी आणि दाते टर्रर्र करून पुढे! गाभ्यावर बारीक आकडे आहेत — २.५ आणि ५.०. माप असेल कसलं तरी. आरोहीला म्हटलं, हा माल खराब निघाला. ती म्हणाली, "आजोबा, पुस्तकात पण तेच चाक दाखवलंय." म्हटलं, पुस्तक छापणारे काय फिटर असतात?

७ मे, बुधवार

बायकोने, म्हणजे विमलने, रव्याचे लाडू केले. नातीसाठी. मला अर्धा — अर्धा! बाकीचे कडीच्या लहान डब्यात, डबा स्वयंपाकघरातल्या फडताळावर अगदी वर. आणि दुपारी स्वतः त्या फडताळाखालीच गार लादीवर आडवी झाली. राखण! तिला ओलांडून जाणं म्हणजे वाघिणीवरून उडी.

पण स्वयंपाकघरावर माळा आहे. माळ्याची एक फळी निघालेली आहे, बरोबर फडताळाच्या वर. आणि आपल्याकडे क्रेन आहे!

आरोहीला विचारलं, कशी काय कल्पना? ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही फार वाईट आहात." आणि हुक वाकवायला बसली.

८ मे, गुरुवार

पहिला प्रयत्न फसला. पडवीतल्या शिडीने माळ्यावर गेलो, क्रेन शेजारच्या फळीवर ठेवली, दोरी खाली सोडली. हुक तिसऱ्या झटक्यात कडीत अडकला. खाली विमल घोरतेय. आरोहीने बटण दाबलं. डबा चार बोटं उचलला — आणि टर्रर्र! मोटार फिरतेय, पांढरे दाते फिरतायत, गाभा ढिम्म. डबा हळूच परत खाली. विमलने कूस बदलली. आम्ही दोघं श्वास धरून.

ते चाकच नडतंय. माझ्या हाताखाली असं काही सरकलं नाही कधी, आता प्लास्टिकपुढे हार मानू?

संध्याकाळी झटपट चिकटणारा गम घेतला, ज्याने गेल्या महिन्यात चपलेचा अंगठा चिकटवला तोच. दोन थेंब फटीत. गाभा आणि दाते एकजीव! आरोहीने दोन्ही हातांनी जोर लावून बघितला. "आता नाही सरकत," ती म्हणाली. म्हटलं, आजोबाचा हात लागलाय.

९ मे, शुक्रवार

लाडू! दोन मला, दोन तिला. मोटार जरा कण्हली, पण डबा वर आला. खाल्ले, तोंड पुसलं, डबा जागेवर. विमल उठून चहा ठेवतेय आणि आम्ही पडवीत पत्ते खेळतोय. साधुसंत!

१० मे, शनिवार

हे लिहायलाच हवं.

आज परत माळ्यावर गेलो. डबा वर आला. मी झाकण उघडत होतो. आरोही क्रेनवर वाकून बघत होती, आणि तिची वेणी चाकांत गेली. दोरीच्या रिळावर केस गुंडाळत चालले. मोटार थांबेना. पोर किंचाळली. मी बटण शोधतोय, घाबरून उलटंच दाबलं, आणखी फिरली! क्रेन वेणी ओढत थेट तिच्या कानापाशी. शेवटी सेलचा डबाच उपटून काढला. मोटारीला जळका वास, दांडा पिळवटलेला.

गुडघे दुखतात म्हणून देवळाच्या पायऱ्या न चढणारी विमल शिडी चढून वर! आधी पोरीला पोटाशी घेतलं. मग खोबरेल ओतलं, एकेक बट सोडवून बघितली. केस दात्यांत पार रुतलेले. अर्धा तास गेला. आरोही रडत म्हणत होती, "काप आजी, कापून टाक." शेवटी विमलने डोळे मिटून कात्री चालवली. खांद्याच्याही वर.

मग तिचं लक्ष गेलं. "अवो, ह्यो लाडवाचा डबा हितं कसा आला?"

तिने डबा उचलला आणि पोरीला घेऊन खाली उतरली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

११ मे, रविवार

समीक्षा आणि आमचा मुलगा मनोज दोघं आले. समीक्षाने पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, हात मध्येच रिकामा पडला, आणि ती रडायला लागली. "सात वर्षं वाढवले होते बाबा. सात वर्षं!" मनोज म्हणाला, "बाबा, वय काय तुमचं? डोळा गेला असता म्हणजे?"

खरंच आहे. डोळा गेला असता.

आरोहीला घेऊन गेले. निघताना समीक्षा विमलला म्हणाली, "आई, पुढच्या सुट्टीत पाठवायचं का ते बघू." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

१२ मे, सोमवार

लाडू फडताळावर नाहीत, टेबलावर उघडे ठेवलेत. मी एकालाही हात लावला नाही.

१३ मे, मंगळवार

रोहिदास आला. गिरणीत आम्ही एकाच पाळीत होतो. मोडकी क्रेन पुढ्यात ठेवली आणि सगळं सांगितलं. म्हटलं, ते एक चाक आधीपासूनच खराब होतं. त्याने चाक उचललं, चष्मा कपाळावर चढवला, आकडे वाचले, आणि हसायलाच लागला.

"सहदेवा, आरं ह्ये चाक खराब नव्हतं. सगळ्यात शाणं ह्येच होतं! काय अडकलं, वजन जास्ती झालं, तर मोटार जळंल, दांडा तुटंल, नायतर कोणाचं बोट जाईल. म्हनून ह्येनं सरकायचं. सरकनं ह्येच त्याचं काम रं! ह्ये आकडं म्हंजे किती जोर आला की सरकायचं, त्याचं माप."

मी चाक हातात घेऊन परत बघितलं.

"आपल्या रोलरला पिन नव्हती का? कागद गुतला की पिन तुटायची, मशीन वाचायची. तू एकदा कटाळून तितं लोखंडी खिळा ठोकलावतास. सायबानं झाप झाप झापला तुला. इसरलास?"

विसरलो नव्हतो. विसरलो असं धरून चाललो होतो.

म्हणजे ज्या चाकाने पोरीची वेणी सोडून दिली असती, ते चाक मीच बांधून टाकलं. दोन लाडवांसाठी! चौतीस वर्षांचा फिटर!

१५ मे, गुरुवार

शेलूला गेलो. विमल म्हणाली, फोन करा. म्हटलं, हे फोनवर बोलायचं नाही.

चार मजले चढलो, लिफ्ट बंद. समीक्षाने दार उघडलं. घरात लग्नाच्या साड्या पसरलेल्या. मी बसलोच नाही. उभ्यानेच सांगितलं — लाडवांची चोरी माझी कल्पना. चाक बरोबर होतं, मी ते बिघडवलं. पोरीचा काही दोष नाही, तिला बोलू नका. मला जे बोलायचं ते बोल, पण सुट्टीत तिला पाठव. मी त्या खोक्याला हात लावणार नाही.

ती बराच वेळ साड्यांच्या घड्या घालत राहिली. मग म्हणाली, "आधी बसा बाबा. जिने चढून धाप लागलीय तुम्हाला." पाणी दिलं. चहा दिला. थोड्या वेळाने म्हणाली, "माझ्या बाबांनी असं कधी येऊन कबूल केलं नसतं." डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही. आम्ही दोघंही पंख्याकडे बघत बसलो.

आरोही दाराआडून बघत होती. पार्लरमधून केस नीट करून आणलेत. तिने माझ्याकडे बघितलं आणि पटकन आत पळाली. लाजली असेल बिचारी.

१८ मे, रविवार

लग्न झालं. नेरळच्या हॉलवर. आरोहीने त्या एवढ्याशा केसांत मोगऱ्याची पिन लावली होती आणि सबंध हॉलभर उंडारत होती. बायका समीक्षाला म्हणत होत्या, "किती गोड कट केलास गं हिचा!" समीक्षाने माझ्याकडे बघितलं आणि हसली. दिवाळीत पाठवते म्हणाली. सुटलो!

१९ मे, सोमवार

सकाळी आरोहीचा फोन. आवाज एकदम बारीक. "आजोबा, एकटेच आहात ना? कोणाला सांगणार नाही ना? ती वेणी मीच घातली होती चाकांत. आई केस कापू देत नव्हती, मला सहन होत नव्हतं उन्हाळ्यात. मंगळवारी, बुधवारी पण घालून बघितली होती, तुम्ही नसताना. पण ते चाक सरकायचं आणि वेणी सुटायची. तुम्ही चिकटवलंत तेव्हा कुठे जमलं! एवढं दुखेल माहीत नव्हतं. ओरडले ते खरं होतं. सॉरी आजोबा."

आणि मी चार मजले चढून माफी मागून आलो!

म्हटलं, ठेव फोन, आई येईल.