राजाच्या बाजूची माणसं

बाई,

तुम्ही आम्हाला दहावीला इतिहास शिकवलात, आणि आता मी न्यू जर्सीत आठवीच्या मुलांना तोच शिकवते. हे तुम्हाला कळवायचं राहिलं, कारण मला इथे नोकरी लागली तेव्हा तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली होती. नवऱ्याच्या व्हिसावर आले, काही वर्षं घरी बसले, मग इथला शिक्षकांचा कोर्स केला. इथल्या मुलांना त्यांच्याच देशाचं स्वातंत्र्ययुद्ध माझ्या नागपुरी उच्चारांत सांगायचं, या विचाराने पहिल्या वर्षी मी प्रत्येक तास आदल्या रात्री आरशासमोर घेऊन बघायचे. मग तुमचा तास आठवायचा. "अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची कारणे व परिणाम लिहा." मी उत्तर घोकून लिहिलं होतं: फ्रान्सशी झालेल्या लढाईचा खर्च काढायला इंग्लंडने लादलेले कर, चहा, पार्लमेंटात प्रतिनिधी नाही. परिणाम म्हणून नवं प्रजासत्ताक, फ्रान्सला प्रेरणा. तुम्ही मला उभं केलंत. "पाठांतर छान आहे. आता सांग, त्या तेरा वसाहतींत जे लोक राजाच्या बाजूने होते, त्यांचं पुढे काय झालं?" मी म्हणाले, "पुस्तकात नाहीये, बाई." "म्हणजे ते नव्हतेच?" सगळा वर्ग हसला. तुम्ही मात्र हसला नाहीत.

त्या रविवारी तुम्ही मला घरी बोलावलंत. तुम्ही स्वयंपाकघरात तुरीच्या शेंगा सोलत बसला आहात, अर्ध्या शेंगा माझ्यापुढे सरकवता, आणि मान वर न करता सांगता की तुमचे वडील इंग्रजांच्या पोलिसात फौजदार होते. बेचाळीसच्या चळवळीत तुमच्या घरावर दगड आले. शाळेत शेजारी कुणी बसेना. स्वातंत्र्य मिळालं त्या दिवशी वडिलांनी पेढे आणले, पण ते कुणाच्या घरी न्यायचे हे तुमच्या आईला सुचेना, म्हणून दोन दिवस तुम्हीच खाल्लेत. मी विचारलं, "मग तुमचे वडील चुकले होते का, बाई?" तुम्ही म्हणालात, "चुकले होते. पण माझे वडील होते." आणि मला आणखी शेंगा दिल्यात.

इराकचं युद्ध सुरू झालं त्याच वर्षीची गोष्ट सांगायची आहे. मी वर्गात नाटकासारखा तास घेतला होता. काही मुलं बंडखोर, काही राजनिष्ठ, काही नुसती गप्प बसून वारा कुठला ते बघणारी. ब्रिटिश शिपाई व्हायला कुणी तयार होईना. तेव्हा एका उंच, अबोल मुलीने ते काम मागून घेतलं. तिचा मोठा भाऊ उन्हाळ्यात इराकला गेला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "मी कर लावलेला नाही. मला पाठवलं म्हणून आलोय. इथली माणसं माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. रस्त्याने जाताना कुठल्या खिडकीतून काय येईल कळत नाही. मला घरी जायचंय." मला मध्येच थांबवता आलं असतं, पण तिच्या तोंडून जे येत होतं ते थांबवावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकेने कळवलं, मुलीचे वडील तक्रार घेऊन उद्या येताहेत. संध्याकाळी नवरा म्हणाला, "सॉरी म्हणून टाक ना यार. ग्रीन कार्ड अजून हातात नाहीये. कशाला रिस्क घेतेस?" मला ते पटलंसुद्धा. माफीची वाक्यं मी गाडीत तोंडपाठ करत गेले.

वडील तेलाचा ट्रक चालवणारे, कपाळापर्यंत लाल झालेले. बसायलाही तयार नव्हते. "माझा मुलगा तिकडे जीव धोक्यात घालतोय, आणि तुम्ही माझ्या मुलीला शिकवता की तो कुठल्या राजाचा शिपाई आहे? तुम्ही तर इथल्याही नाही." मुख्याध्यापिका टेबलाकडे बघत राहिली. मी तोंड उघडलं आणि पाठ केलेलं सगळं पळालं. मी त्यांना तुमच्या वडिलांची गोष्ट सांगितली. दगड, पेढे, सगळं. पेढ्याला इंग्रजीत काय म्हणायचं ते सुचेना, म्हणून दुधाची मिठाई म्हटलं. शेवटी म्हणाले, "कोण बरोबर होतं हे मी मुलांना सांगतेच. पण दुसऱ्या बाजूलाही कुणाचे तरी वडील होते, कुणाचा तरी भाऊ होता, हेही सांगायला मला माझ्या बाईंनी शिकवलंय."

ते खुर्चीत बसले. म्हणाले, "फोनवर तो हेच म्हणाला मला. लोक बघत नाहीत म्हणाला. मी घरात कुणाला बोललो नव्हतो." मग टोपी हातात फिरवत विचारलं, "त्या शिपायांचं काय झालं पुढे?" मी म्हणाले, "उद्या त्यावरच तास आहे. या तुम्ही."

ते आले. मुलांच्या छोट्या खुर्चीत मागे बसले. मी परिणाम शिकवले, बाई, तुम्ही विचारलेले. घरंदारं जप्त होऊन कॅनडाला गेलेले राजनिष्ठ. राजाचं सैन्य मुक्त करेल या आशेने मळ्यांतून पळालेले गुलाम, त्यांतले काही इंग्रजांच्या जहाजांवर चढून सुटले आणि कितीतरी पुन्हा साखळीत आले. स्वातंत्र्य मिळालेल्यांनी मग ज्यांच्या जमिनी घेतल्या ते इथले मूळ लोक. आणि शिपाई: काही परत गेले, काही पळून इथेच राहिले. वडिलांनी हात वर केला, मुलांसारखा. "परत गेले त्यांना घरच्यांनी काय विचारलं असेल?" त्यांची मुलगी मागे न वळता म्हणाली, "काही नसेल विचारलं. आधी जेवायला वाढलं असेल."

तक्रार पुढे गेली नाही. भाऊ पुढच्या वर्षी परत आला. एका कानाने त्याला ऐकू येत नाही, आणि चार जुलैला, इथल्या स्वातंत्र्यदिनी, फटाके उडतात तेव्हा तो तळघरात बसतो, असं मुलीने मला सांगितलं. ती आता कॉलेजात आहे. मी अजून त्याच वर्गात आहे आणि माझं कार्डही आलं.

हे पत्र पाठवण्यासारखं नाही, ते मला कळतं. तरी एक सांगते. वर्गात मी सारखं म्हणत असते, माझ्या बाई असं विचारतात, माझ्या बाईंना हे उत्तर चालणार नाही. परवा एका मुलीने विचारलं, आम्ही त्यांना ईमेल करू का? मी म्हणाले, त्या कॉम्प्युटर वापरत नाहीत.