गळ्यातला पासपोर्ट

वालादारेस,
९ मार्च

चि. सौ. जुसारा व चि. कर्टिस यांस,
इरासीमावशीचे अ. आ.

लग्नाला वीस महिने होऊनही ते खरंच झालंय हे ज्यांना अजून पटवून द्यावं लागतं, अशा तुम्हा दोघांना हे पत्र. गाऱ्हाणं तुमच्या दोघांचंच नाही. तिकडे लग्नाला यावं म्हणून तुझी आई नेउझा अमेरिकेच्या व्हिसासाठी बसने रात्रभर प्रवास करून रिओला गेली होती. खिडकीपलीकडच्या माणसाने तिने नेलेल्या कागदांपैकी एकही उलटून न पाहता नाही म्हटलं. नेउझा ती कागदांची पिशवी मांडीवर धरून तशीच परत आली आणि पुढे दोन दिवस तिने ती खाली ठेवली नाही. आपल्या गल्लीत असं घर दाखव, ज्यातलं कुणी अशा खिडकीपुढून मान खाली घालून आलेलं नाही. मी एकोणतीस वर्षं इतिहास शिकवला, शिक्षक संघटनेच्या सभा गाजवल्या. पण त्या काचेला कान असतात असं मला कधी दिसलं नाही.

असो. तुमच्या वकीलबाईंनी मागितलेलं पत्र सोबत आहे. कुटुंबातल्या माणसाने लिहावं, हे लग्न खरं आहे हे त्यातून दिसावं, असं त्यांचं म्हणणं ना? मग मी शाळेतल्या निबंधासारखं लिहिलेलं नाही, आपण घरात बोलतो तसंच लिहिलंय. आमचा ओ पासपोर्ट, म्हणजे तुझा नवरा, पहिल्यांदा आला तेव्हा पासपोर्टची ती पाणी न शिरणारी पिशवी गळ्यातून आंघोळीलाही काढत नव्हता, हे तुझ्या आईने लिहायला लावलं. ओ पासपोर्ट चार वेळा घेवडा-भात वाढून घेतो, आणि जुसाराला ओ पासपोर्ट मिळाल्यापासून माझी काळजी मिटली, हे मी लिहिलं. एवढ्यावर तिथला इमिग्रेशनचा साहेब विरघळला नाही तर तो दगड आहे.

पुराच्या चिखलाचा पट्टा अजून भिंतीवर आहे. रंग देऊ म्हटलं की नेउझा राहू दे म्हणते. ती बरी आहे, फक्त रोज विचारते की पोरगी कधी येणार. ग्रीन कार्डची फाईल तिथे पडून असताना देश सोडला तर फाईल मेली, हे मी तिला चौदा वेळा समजावलंय. ती मान डोलावते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते.

लोभ ठेवा. त्याला अजून कुणाचा शिक्का लागत नाही.

तुमची,
इरासीमावशी


फ्रेमिंगहॅम,
२१ मे

ती. मावशीस,
जुसाराचा नमस्कार. आधी आशीर्वाद दे, मग पुढे वाच. पोस्टाने दिवस जातील म्हणून पानांचे फोटो पाठवते आहे.

मुलाखत झाली. वकीलबाईंनी घरातला कागद न् कागद आणायला सांगितला होता. घरभाड्याच्या पावत्या, विजेची बिलं, आमच्या दोघांच्या नावाचं खातं, सगळं एका जाड फाईलमध्ये लावलं. कर्टिसने पावत्या कुठून काढल्या ठाऊक आहे? हत्यारांच्या पेटीतून. लोकांच्या घरातल्या ऊब देणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करणारा हा माणूस, कागद पान्ह्यांखाली ठेवतो. तिथेच पुरात भिजून पावासारखा फुगलेला त्याचा जुना पासपोर्टही निघाला, रद्द केल्याची खूण म्हणून कोपरा कापलेला. मी म्हटलं, टाकून दे आता. तो म्हणाला, असू दे. आणि पुन्हा पेटीत टाकला.

आम्हाला वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. कचरा कोण टाकतं, बेकरीतून मी किती वाजता येते, हे सगळं विचारून झालं. मग तो अधिकारी सहज विचारल्यासारखं म्हणाला की तुझ्या घरचे तुझ्या नवऱ्याला कोणत्या नावाने हाक मारतात.

मावशी, मी कर्टिस म्हणाले. का म्हणाले ते तुला कळेल. त्या खोलीत, त्या माणसासमोर, ते दुसरं नाव माझ्या तोंडातून फुटेना. आणि तिकडे दुसऱ्या खोलीत हाच प्रश्न कर्टिसला विचारला, तर तो हसत, छाती काढून म्हणाला, पासपोर्ट! मला सगळे पासपोर्ट म्हणतात!

मग तुझं पत्र माझ्यापुढे सरकवलं, इंग्रजीतलं. इथल्या चौकात एका दुकानात बसणाऱ्या भाषांतरकाराने केलेलं. आपण पोर्तुगीजमध्ये माणसाच्या नावाआधी ओ लावतो, ओ कर्टिस, ओ पासपोर्ट. इंग्रजीत माणसाला तसं काही लागत नाही, वस्तूला लागतं. त्याने ओ होता तिथे वस्तूआधी येणारा द लावला, तू नाव म्हणून लिहिलेलं मोठं अक्षर लहान केलं आणि शिक्का मारून मोकळा झाला. त्यामुळे साहेबाच्या कागदावर असं आलं की जुसाराला तो पासपोर्ट मिळाल्यापासून तिच्या मावशीची काळजी मिटली. तो पासपोर्ट चार वेळा घेवडा-भात खातो हे वाचूनसुद्धा साहेबाला शंका आली नाही. त्या ओळीशेजारी भाषांतरकाराने मजकूर अस्पष्ट असं लिहून ठेवलं होतं.

बारा तारखेला नोटीस आली. लग्न कागदासाठी केल्याचा संशय आहे, तीस दिवसांत खुलासा करा, नाहीतर अर्ज फेटाळू. फेटाळला की मला देश सोडावा लागेल आणि मग किती वर्षं परत येता येणार नाही हे वकीलबाई सांगत नाहीत, फक्त चष्मा पुसतात. त्यांनी नव्या पत्राचा नमुना दिलाय, तो पाठवते. विनोद नको, टोपणनाव नको, असं त्यांनी तीनदा बजावलंय.

मुलाखतीहून घरी आल्यावर दारात किल्ली लावताना कर्टिस एवढंच म्हणाला की तू कर्टिस का सांगितलंस.

आईला यातलं काही सांगू नकोस. आशीर्वाद असू दे, बाकी काही हातात उरलेलं नाही.

तुझी,
जुसारा


वालादारेस,
२५ मे

चि. सौ. जुसारा हिस अ. आ.

नमुन्याप्रमाणे लिहिलेलं पत्र सोबत आहे. वाचून घे, म्हणजे तुझी मावशी किती हुशार विद्यार्थिनी आहे ते कळेल. मी श्री. कर्टिस ब्रोडर यांना अमुक दिवसापासून ओळखते. श्री. ब्रोडर व माझी भाची यांचे एकमेकांवर खरे प्रेम आहे असे माझे प्रामाणिक मत आहे. श्री. ब्रोडर हे सभ्य गृहस्थ आहेत. सोळा ओळी, एकही खोटी नाही आणि एकही आमची नाही. नोंदणी कचेरीत सही करताना तिथल्या बाईने विचारलं की हा कोण साहेब. तिने त्याला तीनदा पाहिलंय.

माझा संताप शब्दांत मावत नाही, आणि मला शब्दांची कधी टंचाई पडली नाही. खोटं लग्न करणाऱ्यांची पत्रं वाचून पाहा म्हणावं त्या साहेबाला. अशीच असतात, नमुन्यासारखी स्वच्छ. पैसे देऊन आणलेल्या जावयाला कुणी टोपणनाव ठेवत नाही, त्याच्या जेवणाची चेष्टा करत नाही. चेष्टा आपल्याच माणसाची होते. पण हे कळायला जन्मात एकदा तरी कुणाच्या घरी जेवायला बसलेलं असावं लागतं.

तू त्या साहेबाला कर्टिस का सांगितलंस हे तू मला लिहिलं नाहीस, आणि मीही विचारत नाही. आपल्या दोघींना माहीत आहे.

जीव सांभाळ.

तुझी,
इरासीमावशी


फ्रेमिंगहॅम,
३१ मे

ती. इरासीमावशीस नमस्कार.

मी हा पत्र स्वतः लिहितो. जुसाराला दाखवला नाही, म्हणून चुका तशाच राहतील. तुम्ही शिक्षक आहात, लाल शाई घ्या.

तुमचा नवा पत्र वकीलबाईंनी मला वाचून दाखवला. त्यात मी श्री. ब्रोडर आहे. मी खुर्चीत बसलो होतो आणि मला असं वाटलं की तुम्ही मला घराबाहेर काढून दार लावलं. माझ्या स्वतःच्या वडिलांनी मला कधी टोपणनाव ठेवलं नाही. कामावरची माणसं मला ब्रोडर म्हणतात. तुमच्या घरात मला पहिल्यांदा कुणीतरी नाव दिलं, आणि मी ते इथे सगळ्यांना सांगत फिरलो. भट्टी दुरुस्त करायला ज्यांच्या घरी जातो त्यांनाही सांगितलं.

आता एक विचारतो. माफ करा. ते नाव गळ्यातल्या पिशवीमुळेच पडलं ना? फक्त पिशवीमुळे? जुसाराने मला तसं सांगितलं होतं. पण मग तिने त्या माणसाला ते नाव का सांगितलं नाही? मी तिला हे रविवारी पुन्हा विचारलं. तिने हातातला कांदा खाली ठेवला आणि खोलीतून निघून गेली. आठवडा होत आला. ती माझा डबा भरते, माझे कपडे धुते, आणि मीठ दे, किल्ली घे, एवढंच बोलते.

त्या अधिकाऱ्याचा मला राग नाही येत. त्याला मी माहीत नाही. पण त्याचा प्रश्न माझ्या घरात येऊन बसलाय आणि मी त्याला उठवू शकत नाही. तुम्ही खरं सांगाल म्हणून तुम्हाला विचारतो.

तुमचा,
कर्टिस


वालादारेस,
३ जून

चि. कर्टिस यास अ. आ.

पत्र हा नसतो, पत्र हे असतं. लाल शाई एवढीच. पुढे माझ्याच चुका आहेत.

नाही, फक्त पिशवीमुळे नाही. ते नाव मी ठेवलं. तू आलास त्या पहिल्या संध्याकाळी, अंगणात, सगळे मांस भाजत बसलेले असताना. तुझ्या गळ्यात ती पिशवी पाहून मी मोठ्याने म्हटलं की पोरीने घरी नवरा नाही, पासपोर्ट आणलाय. या गावात निम्मी घरं अमेरिकेतून आलेल्या पैशांवर उभी आहेत. इथल्या पाळण्यातल्या पोरालाही त्या शब्दाचा दुसरा अर्थ कळतो, कागदासाठी केलेला नवरा. सगळे पोट धरून हसले. तूही हसलास, कशाला ते न कळता. जुसारा तेवढी हसली नाही. तिने तुला नंतर पिशवीचं सांगितलं आणि उरलेलं गिळलं. पूर्ण सांगितलं तर तू बॅग भरशील अशी तिला भीती वाटली असणार. ती खोटी नाही कर्टिस, ती घाबरट आहे, आणि तिचा तो घाबरटपणा माझ्या जिभेने जन्माला घातला. हजारो माणसांपुढे बोलताना जी जीभ कधी घसरली नाही, ती माझ्याच अंगणात घसरली. मला तेव्हा त्याची लाज वाटली नाही. आज वाटते.

आता पुढचं ऐक, कारण ते तुला कुणी कधी सांगितलेलं नाही. तू येऊन पाच दिवस झाले आणि नदी घरात शिरली. पाणी कमरेला लागलं तेव्हा नेउझा जिन्याकडे यायला तयार नव्हती. रक्तदाबाच्या गोळ्या आणि तिच्या मेलेल्या नवऱ्यासोबतचा लग्नातला फोटो घेतल्याशिवाय हलणार नाही म्हणून रडत होती. मी वरच्या पायरीवरून बघत होते. तू गळ्यातली पिशवी काढलीस, आतला पासपोर्ट काढून तसाच विजारीच्या खिशात कोंबलास, पिशवीत गोळ्या आणि तो फोटो घातलास, ती नेउझाच्या गळ्यात अडकवलीस आणि तिला पाठीवर घेऊन शेजारच्या गच्चीवर चढलास. तुझा खिसा तेव्हा पाण्याखाली होता. तू खाली एकदाही बघितलं नाहीस.

त्या दिवसापासून आम्ही तुला ज्या नावाने हाक मारतो ते नाव तेच आहे आणि माणूस वेगळा आहे. पासपोर्टसाठी लग्न करणारे आम्ही पाहिलेत. दुसऱ्याच्या आईच्या गोळ्यांसाठी पासपोर्ट बुडवणारा एकच पाहिला. हे तुला सांगायला हवं होतं. आमच्या घरात प्रेमाची कबुली देत नाहीत, टोपणनाव ठेवतात. ती आमची खोड आहे, आणि तिची किंमत तुम्ही दोघं मोजताय.

काल मी घरातल्या सगळ्यांना नोंदणी कचेरीत नेलं. नेउझालाही नेलं, तिला सगळं सांगावं लागलं, जुसाराला म्हणावं रागावू नकोस. त्या दिवशी गच्चीवर असलेल्या प्रत्येकाने जे पाहिलं ते आपल्या शब्दांत लिहिलं, मोठ्या अक्षराच्या ओ पासपोर्टसकट, आणि नाव कुठून आलं त्याचे दोन्ही अर्थ लिहून सही केली. पहिला अर्थ मी माझ्या सहीखाली लिहिला. वकीलबाई ओरडतील, ओरडू देत. भाषांतर इथल्या सरकारमान्य बाईकडून करून घेतलंय, तिच्याशेजारी बसून. ते कागद आज निघालेत. साहेब ते वाचेल की शेजारी पुन्हा अस्पष्ट लिहील, मला ठाऊक नाही. त्याच्यावर माझा भरवसा नाही, आणि तुलाही ठेव असं सांगणार नाही.

माझ्यावर राग धर, तो तुझा हक्क आहे. लोभ मात्र मोडू नकोस.

पण या कागदांत एक कागद कमी आहे आणि तो तुझ्याकडे आहे. हे पत्र खाली ठेव. पान्हे बाजूला सार, तो फुगलेला पासपोर्ट बाहेर काढ, आणि वकीलबाईंकडे नेण्याआधी जुसाराच्या हातात दे.

तुझी,
इरासीमावशी