तुझे शब्द मी पुसले

प्रिय शोभा,

होळी चार दिवसांवर आलीय. काठी गावच्या होळीचे फोटो काढायला जायचं म्हणून लेन्स पुसून ठेवलीय, बॅटरी चार्जिंगला लावलीय, आणि मी तुझ्यावर चिडून बसलोय. जाऊन सव्वा वर्ष झालेल्या बायकोवर कुणी चिडतं का? मी चिडतो. तुझ्यावर थोडा, स्वतःवर जास्त. घरात ऐकायला दुसरं कोणी नाही, म्हणून हे पत्र.

बातमी अशी की आपले फोटो आता कुणालाच सापडत नाहीत. फोटो विकायच्या साइटवर आहेत सगळे, पण दुनिया मिरची शोधते, होळी शोधते, आणि तिला भलत्यांचेच फोटो दिसतात. मी स्वतः 'नंदुरबार' टाकून अकरा पानं खाली गेलो. माझं एकही चित्र नाही. तू होतीस तेव्हा पहिल्या पानावर असायचो. हे काय गौडबंगाल आहे?

गौडबंगाल कसलं, माझंच कर्तृत्व आहे. तुझ्यापासून लपवून ठेवलंय, ते आज सांगून टाकतो.

फोटो मी काढायचो आणि त्याच्याखालचे शोधायचे शब्द तू भरायचीस. मला ते कारकुनी काम वाटायचं. चार-पाच तास उन्हात उभं राहून मी प्रकाश पकडायचा, आणि तू सुट्टीच्या दुपारी कांदा चिरता चिरता विचारायचीस, "मास्तर, हाऊ फोटू कोन मांगी? कसाले मांगी?" बस. मग एका बोटानं टाइप करायचीस. रेड चिली. वुमन. ड्रायिंग. सन. वर्क. बारावीपर्यंतचं तुझं इंग्रजी, आणि मी तीस वर्षं मुलांना अलंकार शिकवलेला मराठीचा शिक्षक. मला लाज वाटायची गं त्या शब्दांची.

आणि तो 'रिकामी जागा' प्रकार! सातपुड्यावरचं भरून आलेलं आभाळ मी निम्म्या चौकटीत घेतलं होतं. तू खाली लिहिलंस, 'वर रिकामी जागा'. माझ्या आभाळाला रिकामी जागा? दोन दिवस मी तुझ्याशी बोललो नव्हतो. तू शांतपणे म्हणालीस की ज्याला जाहिरात करायची त्याला अक्षरं छापायला जागा लागते, तो आभाळ नाही शोधत. तोच फोटो सगळ्यात जास्त विकला गेला. तरी मी हरलो असं कधी म्हणालो नाही.

आता ऐक. तुझे दिवस झाले, पाहुणे गेले, आणि मला काय करावं ते सुचेना. वाटलं, शोभासाठी काहीतरी सुंदर करू. म्हणून मी कॉम्प्युटरपुढे बसलो आणि दोन महिने खपून एकेका फोटोखालचे तुझे साधे शब्द पुसले. तिथं माझे घातले. शब्दकोश घेऊन, इंग्रजीतून. वाळत घातलेल्या मिरचीच्या पथारीला 'क्रिमसन सॉलिट्यूड', म्हणजे किरमिजी एकांत. काठीच्या मोरपिसांच्या टोपाला 'प्रायमॉर्डियल रिदम', म्हणजे आदिम ताल. ही माझी श्रद्धांजली. म्हणतात ना, करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

मनीषाला सांगितलं तर ती फोनवर हसली. मिरचीचा फोटो उघडून म्हणाली, "बाबा, एकांत कथा शे यामा? बारा बाया शेतस!" लेक तुझीच. मग म्हणाली, "आईना शब्द परत टाका ना."

कुठून टाकू? साइट जुने शब्द ठेवत नाही. तू एक वही का नाही ठेवलीस? किराण्याची यादी ठेवायचीस, दुधाचं कॅलेंडर ठेवायचीस, आणि हे सगळं डोक्यात! मी आठवून आठवून पाहतो. पहिल्या फोटोचे पाच शब्द आणि ती 'रिकामी जागा' आठवते, पुढे अंधार. तुझ्यासारखा विचार करायला बसलो की माझ्या डोक्यात उपमाच येतात. तुझ्या हातचं म्हणावं असं एवढंच तर उरलं होतं, आणि ते मी माझ्या हातानं घालवलं. याचा राग कुणावर काढू?

मागे मी तुला एकदा विचारलं होतं की हे तुला सुचतं कसं. तू म्हणालीस, "लोके गाडीनं नाव नही इचारतस. त्यास्ले कथा जानं शे ते इचारतस." शहाद्याच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत तुझी सव्वीस वर्षं गेली. लोक जायचं ठिकाणच सांगायचे; कुणी विचारायचं 'मोठ्या दवाखान्याची गाडी', कुणी 'बाजाराची गाडी'. मला ते उत्तर तेव्हा उडवाउडवीचं वाटलं होतं.

आज सकाळी काठीला जाण्यासाठी धडगावच्या गाडीची वेळ विचारायला स्टँडवर गेलो. तुझ्या खिडकीत आता एक नवीन साहेब आहेत. माझ्यापुढे एक पावरा आदिवासी म्हातारा आणि त्याची बायको उभी होती, डोक्यावर बोचकी. सौराष्ट्रात दुसऱ्याची शेती वाट्यानं करायला गेलेली, दोन वर्षांनी होळीला घरी निघालेली. साहेबांनी वेळ सांगितली, पण म्हातारा हलेना. आत वाकून बघत म्हणाला, "ती दोन वेळा सांगणारी बाई नाही काय?"

साहेब म्हणाले, "कोण बाई?"

"एक वेळा तुमच्या बोलीत सांगते, एक वेळा आमच्या. ती."

मी मागे उभा होतो, शोभा. तू पावरी बोलायचीस हे मला माहीतच नव्हतं. घरी कधी बोलली नाहीस. की बोललीस आणि मी ऐकलं नाही?

मी पुढे होऊन म्हणालो, "ती वारली, बाबा. मी तिचा नवरा." त्यानं बायकोला त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं. तिनं बोचकं खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिली. म्हातारा म्हणाला, "मग आम्हाला गाडी कोण सांगणार?"

मी सांगितली. फलाट दोन, साडेअकरा. दुसऱ्यांदा, त्यांच्या बोलीत, सांगायला गेलो तर एक शब्द येत नव्हता. म्हणून त्यांना गाडीपाशी नेलं, बसवलं, आणि घरी येऊन हे लिहायला बसलो.

तुझे शब्द परत मिळणार नाहीत, हे आता मी मान्य केलंय. पण काठीला या वेळी वही घेऊन जाईन. फोटो काढला की समोरच्यालाच विचारेन, हे काय, हे तुम्ही काय म्हणून मागाल? तो सांगेल तेच लिहीन, त्यात माझी एकही उपमा नाही. आणि येताना गाडीची वेळ पावरीत कशी सांगतात तेही शिकून येईन. तू चौकशीच्या खिडकीत बसलेली असताना मी काढलेला एक फोटो आहे ना, तो मी कधीच विकणार नाही. त्याच्याखाली मात्र आज शब्द लिहिलेत, त्या म्हाताऱ्यानं दिलेले: दोन वेळा सांगणारी बाई.

माझ्या तीस वर्षांच्या अलंकारांत इतकं नेमकं काही नव्हतं.

तू एकदाच सांगितलंस आणि ज्यानं ऐकलं नाही, तो तुझा
मास्तर