मुठीतले केस

६ जानेवारी, फेरीकोय

पोचलो एकदाचा इस्तंबूलला. बस चार तास उशिरा, बॅगेचं चाक तुटलेलं, त्यात जिना तीन मजल्यांचा. पण मी खूश आहे. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, चहाची दुहेरी किटली बरोबर मावेल एवढा ओटा. खिडकीतून समोरच्या बाईच्या वाळत घातलेल्या चादरी दिसतात आणि त्यांच्यामागे दुसऱ्या इमारतीची भिंत. समुद्र कुठूनच दिसत नाही. जागा बघताना मी घरमालकाला पहिलं तेच विचारलं, तर म्हणाला, उस्ताद, लोक समुद्र दिसावा म्हणून जीव टाकतात आणि तुझं हे काहीतरी भलतंच! मी म्हटलं, काळ्या समुद्राकाठी चाळीस वर्षं काढली, आता पोट भरलं.

ही वही कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतली. गावी, जिदेला, माझ्या न्हाव्याच्या दुकानात दिवसभर तोंड चालू असायचं. इथे क्लिनिकमध्ये येणारे पेशंट जर्मन, इटालियन, अरब. त्यांच्याशी मी काय डोंबल बोलणार? आणि बोलल्याशिवाय मला जेवण पचत नाही. तेव्हा वहीशी बोलायचं ठरवलं.

काम सोपं आहे. केस लावून घ्यायला आलेल्या माणसाचं डोकं आधी तासून गुळगुळीत करायचं. एवढंच. दिवसाला आठ-दहा डोकी.

बेत असा की जूनमध्ये, कुर्बानीच्या ईदला, आईला कायमची इकडे आणायची. साखरेच्या आजाराने तिचे दोन्ही डोळे गेले. सध्या काकूकडे आहे. तिला माझ्याशिवाय कोणी नाही आणि खरं सांगायचं तर मलाही तिच्याशिवाय कोणी नाही.

१५ जानेवारी

झेरीन ताईने आज सगळ्यांसमोर माझी फिरकी घेतली. ही आमची मोठी नर्स, पंधरा वर्षं याच कामात, जीभ वस्तऱ्यापेक्षा धारदार. म्हणाली, नाझ्मी उस्ताद, तू दारात उभा राहिलास की पेशंटला कळत नाही, इथे केस लावतात की काढतात! सगळे खदाखदा हसले. मीही हसलो. टक्कल आहे तर आहे. मग डॉक्टर ओर्चुन म्हणाले, बरोबर बोलतेय ती, एखाद्या मोकळ्या दिवशी बसवू तुला खुर्चीत, आपल्याच माणसाचं काम आपणच करू.

टक्कल मला तिशीत पडलं. दादा बुडाला त्या उन्हाळ्यानंतर. बेद्रीदादा, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. मी त्याच्यापर्यंत पोचू शकलो नाही. त्यानंतर सहा महिन्यांत डोकं साफ. आई अजून माझ्या टकलावरून हात फिरवते आणि शेजारणीला सांगते, भावाच्या दुःखाने केस गेले हो माझ्या लेकराचे. मला ते ऐकवत नाही. केस आले तर ते वाक्य तरी बंद होईल.

७ फेब्रुवारी

झालं! आठ तास. आधी पालथं झोपवून मानेवरच्या पट्ट्यातून एकेक मूळ काढलं, मधे मसुराचं सूप पाजलं, मग उताणं झोपवून पुढे लावलं. झेरीन ताई मोजत होती, तीन हजार दोनशे. म्हणाली, तुझा मागचा केस रेशमासारखा आहे रे, सरळ, बारीक, तसाच पुढे येईल. कपाळाची सूज डोळ्यांवर उतरलीये. आरशात बघून मीच हसलो.

१० फेब्रुवारी

आज पहिल्यांदा डोकं धुतलं. फेस लावून कोमट पाणी सोडलं. डोकं अजून बधिर आहे, काही कळत नाही, पण मधेच वास आला. ओला, खारट, शेवाळाचा. मी म्हटलं, ताई, हे काय वापरता? ती म्हणाली, मिठाच्या पाण्याचा फवारा आहे, सगळ्यांनाच मारतो, तुझ्यासाठी गुलाबपाणी आणू का?

३ मार्च

लावलेले सगळे केस गळले. घाबरलो नाही, हे सगळ्यांचंच होतं. आधी गळतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मुळातून नवे येतात. पेशंटना हातवारे करून मीच समजावतो.

फक्त सकाळी उशी ओली असते. खिडकीतून दमट हवा येत असेल.

२ मे

आले! आज बोटाला लागले. काळे आहेत. माझे तर पिंगट. आणि राठ आहेत, अगदी ब्रशसारखे. झेरीन ताई भिंग लावून बघून म्हणाली, नॉर्मल आहे, नवा केस सुरुवातीला असाच तारेसारखा येतो, वाकडा येतो, वर्षभरात बसतो. बऱ्याच जणांना होतं. अरे, आलेत हे बघ ना, नवरीसारखं नाक काय मुरडतोस?

खरंच. आलेत हे काय कमी आहे?

१३ मे

कुरळे झाले. साधे कुरळे नाहीत, बारीक, घट्ट, स्प्रिंगसारखे. ओढून सोडले की टपकन जागेवर. मानेवरचे मात्र अजून सरळ, पिंगट, रेशमी. ती मुळं तिथूनच घेतली ना? झेरीन ताई म्हणाली, नॉर्मल आहे.

आज शिकाऊ पोरी माझ्या डोक्यात बोटं घालून हसत होत्या. मी पण थट्टा केली. जेवण मात्र गेलं नाही.

१६ मे

कंगव्याचे दोन दात तुटले.

सत्तावीस वर्षं मी डोकी हाताळतोय. डोळे बांधून माझ्यासमोर माणूस बसवा, केसांत बोटं घातली की मी सांगेन कोण आहे ते. माणूस तोंड बदलेल, केस नाही बदलत. आज आरशात न बघता मी स्वतःच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्या बोटांनी ओळखलं.

मी न्हावीकाम शिकलो ते याच केसांवर. घरात फुकटचं गिऱ्हाईक होतं ना. कंगवे मोडायचे. दादा ओरडायचा, अरे गाढवा, मेंढी भादरतोयस का! आई त्याला कोकरू म्हणायची. मला कधी नाही म्हणाली, मला नाझ्मीच. त्याच्या कपाळापाशी दुसरा एक भोवरा होता. सगळे चिडवायचे, दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं. एकही झालं नाही त्याचं.

१७ मे

भोवरा आहे. डावीकडे, कपाळापाशी. भोवरा कोणी लावू शकत नाही. झेरीन ताईला विचारलं तर तिने भिंग पुसून पुन्हा पाहिलं. मग नॉर्मल म्हणाली.

१९ मे

सकाळी वस्तऱ्याने सगळे काढले. गुळगुळीत. इतकं बरं वाटलं की शिट्टी वाजवत कामाला गेलो. दुपारी चहाच्या वेळी डॉक्टर ओर्चुन म्हणाले, काय झकास आलेत रे केस, तुझा फोटो जाहिरातीत घालू. हात वर नेला तर आहेत. दोन बोटं लांब. ओले. बोटांना वाळू लागली.

२१ मे

कुठेतरी लिहायलाच हवं.

मी पोचलो होतो.

ऑगस्टची दुपार होती, किनाऱ्यावर लाल बावटा लावलेला. समुद्रात मी शिरलो होतो, फुशारकी म्हणून. दादा मला आणायला आला. मला लाटेने परत फेकलं आणि त्याला आत ओढलं. मी गेलो, खरंच गेलो, आणि माझ्या हाताला त्याचे केस लागले. मुठीत धरले. त्याने माझा दंड धरला. जड होता तो. मी दोनदा खाली गेलो. तिसऱ्यांदा जाईन असं वाटलं.

मूठ सुटली नाही. मी उघडली.

बाहेर आलो तेव्हा बोटांभोवती तीन काळे केस गुंडाळलेले होते. ते मी वाळूत पुसले. लोक येऊन म्हणत होते, तुझं डोकं सलामत राहो. आपल्याकडे मयताच्या घरी तेच म्हणतात. आईला सांगितलं, पोचू शकलो नाही गं. तिने मला जवळ घेतलं. तिच्याजवळ आता एवढीच गोष्ट उरलीये, की धाकट्याने जिवाचं रान केलं. तेवढ्यावर ती जगतेय. खरं काय ते तिला कळता कामा नये. बाकी माझं काय व्हायचं ते होवो.

आईच्या डोळ्यांना दिसत नाही. ती हातांनीच बघते.

२ जून

काकूला फोन करून म्हटलं, आईला इतक्यात नको पाठवू, माझ्याकडे पाणी गळतंय. काकू म्हणाली, वेडा झालास का, तिने चार दिवसांपासून बोचकं बांधून ठेवलंय, तिकीट काढलंय, तूच सांग तिला. आईने फोन हिसकावून घेतला आणि हसत म्हणाली, गळू दे, मी बादली धरीन.

मला नाही म्हणता आलं नाही.

६ जून, ईद

काल आली. मी लोकरीची टोपी घातली होती. एवढ्या उकाड्यात. डोक्यावर औषध लावलंय असं सांगितलं, तिला पटलं. रात्री शांत झोपली. मला वाटलं, निभावलं.

सकाळी ईदची रीत म्हणून वाकून तिचा हात ओठांना लावला, कपाळाला लावला. माझं डोकं तिच्या मांडीपाशी. हे कसं विसरलो मी! ती म्हणाली, सणाच्या दिवशी घरात टोपी कसली रे, आणि काढली.

बोटं थांबली. मग फिरायला लागली. भोवऱ्यापाशी गेली, तिथेच राहिली. मी श्वास घेत नव्हतो.

आई म्हणाली, कोकरा. आलास होय.

मी म्हटलं, आई, मी नाझ्मी. ती म्हणाली, हो हो, आणि रडत रडत हसायला लागली. अकरा वर्षांत तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

८ जून

तिचं डोकं फिरलेलं नाही. टोमॅटोचा भाव विचारते, शेजारणीशी गप्पा मारते, औषधं वेळेवर घेते. फक्त मला बेद्री म्हणते. आज मक्याचं पीठ लोण्यात परतून, वर चीज घालून केलं. दादाला आवडायचं ते. मला लहानपणापासून नकोसं होतं.

दोन ताटल्या खाल्ल्या. आवडलं.

९ जून

झेरीन ताईने भिंग लावून पाहिलं. मोजलं. पुन्हा मोजलं. तीन हजार दोनशे मी स्वतः लावले, म्हणाली, हे त्याहून कितीतरी जास्त आहेत, आणि मानेकडे सरकताहेत. नॉर्मल म्हणाली नाही. हातमोजे काढले आणि म्हणाली, नाझ्मी, रजा घे, जा तू घरी.

घरीच तर नको वाटतं.

१० जून

आज दुपारी केसांतून हात फिरवता फिरवता आईने विचारलं. कोकरा, इतकी वर्षं कोणाला विचारायची सोय नव्हती. आता तू आलायस तर खरं सांग. नाझ्मी पोचला होता का रे तुझ्यापर्यंत?

माझं तोंड उघडलं. मी उघडलं नाही. जीभ हलली — पावाचा तुकडा कोंबला तोंडात, चावत राहिलो.

ती म्हणाली, असू दे. सावकाश सांग.

११ जून

चारदा तासलं. चारदा आले. मानेवरचेही आता काळे. माझा एकही राहिला नाही.

पुन्हा विचारलं तिने. नळ सोडून ठेवला, ऐकू येऊ नये म्हणून. पाणी खारट —

आई, नको ना विचारू.

१२ जून, सकाळ

स्वयंपाकघरात बसलोय. ऊन आहे. आई समोर शेंगा सोलतेय, परात मांडीवर. लिहीत राहिलो तर तोंड बंद राहील. लिहीत राहायचं.

विचारतेय. पुन्हा तेच.

कोणीतरी केस धरलेत. घट्ट, मुठीत.

आईचे हात परातीत आहेत. दोन्ही. बघतोय मी — दहाच्या दहा बोटं परातीत —

वर नाही ओढत, खाली ओढतोय. कानात पाणी. दादा, सोड. मला जायचं नाही, तिच्यासमोर नको, सोड ना रे —

सोडत नाही

आई म्हणतेय, बोल कोकरा, ऐकतेय मी. हात माझा आहे, अक्षर माझं नाही —

आई, पोचला होता गं तो. धरलं होतं त्याने मला. घट्ट धरलं होतं. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि मूठ —