शेठसमोर नववी ओळ

सोमवार, १३ नोव्हेंबर २००६
पाठ मोडली. सूनबाई, म्हणजे संगीता, दिवसा एमआयडीसीत बाटल्या भरते आणि घरी उल्हासनगरच्या जीन्सवाल्या शेठची वेबसाइट बनवते. तपासायला मी. "आई, तुम्हाला कळलं तर जगात कुणालाही कळेल." मान दिला की अक्कल काढली, देव जाणे.
काम एवढंच. माउसचा बाण ओळीवर न्यायचा, दाबायचं नाही. ओळ पिवळी झाली की मी ओरडते 'हो', नाही झाली तर 'ना'. ती ओट्याशी भाकऱ्या थापत ऐकते.

मंगळवार, १४
मालाच्या आठ ओळी. इंटरनेट उघडायच्या दोन खिडक्या, संगीता त्यांना ब्राउझर म्हणते. कोल्ह्याच्या चित्राच्या खिडकीत आठही हो. निळ्या ई-च्या जुन्या खिडकीत आठही ना. संगीता म्हणे, बाण नीट नेला नसेल. म्हटलं, "चौथी शिकलेय, आंधळी नाही." हात धुऊन स्वतः बघितलं. तेवढ्यात एक भाकरी करपली.

गुरुवार, १६
कारण सापडलं. जुनी खिडकी फक्त लिंकला ओळखते, बाकी कशावरून बाण फिरवा, ढिम्म. आता प्रत्येक ओळ लिंकमध्ये घातली. दोन्हीकडे हो. मी म्हणत होते, शेठला दाखव की कोल्ह्यातच. तर शेठच्या दुकानात जुनीच आहे.
शेठला पसंत पडलं तर त्याच्याकडे कायमची नोकरी. बसून. त्या बाटल्यांनी हिच्या बोटांची सालं निघतात, पीठ मळताना तर... असो.

शनिवार, १८
दुकानात मलाही नेलं. शेठ म्हणाला, "चेक किसने किया?" "मेरी सास ने." हसला मेला. "तो अम्मा, आप ही दिखाओ." बसले. हो, हो, हो. सवयीनं मोठ्यानंच. आठ झाल्या. नववी लहान मुलांच्या जीन्सची, शेठनंच सकाळी फोन करून वाढवायला लावलेली. बाण नेला. "ना."
शेठनं मान वळवली. "क्या ना?"
संगीता पांढरीफटक. घाईत लिंक विसरली होती. तिथंच बसून दहा मिनिटांत दुरुस्त केली. शेठ म्हणाला, "सोचके बताता हूँ." चहासुद्धा विचारला नाही.

रविवार, १९
संगीता बोलत नाही. ताट आपटून वाढते. काल परतताना रिक्षात एकदाच म्हणाली, "त्याला दिसलं नव्हतं, आई." नसेलही दिसलं. पण ओळ पेटली नव्हती, तर मी काय म्हणायचं होतं? झोप नाही, पाय ठणकतात.

सोमवार, २०
शेठचा फोन. दोघींना बोलावलंय. कशाला ते सांगितलं नाही. संगीतानं कंपनीत खाडा केला. दारात उभी, नवी साडी, तोंड एवढंसं. "येताय ना?" दोन दिवसांनी पहिला शब्द. म्हटलं, मी कशाला, परत काहीतरी बोलेन. "बोला. पण चला."
गुडघे बोंबलताहेत. निघते.